बादलीतली डोकी

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. 'राहिलं' हा शब्दही तपासनीसबुवांनी सोयीचा म्हणून निवडला होता. राहिलं नव्हतं, त्यांनी दिलं नव्हतं. वहीच्या कागदावर एका मासेवालीनं लिहिलं होतं: 'खाडीवर तुमचा बोर्ड लागलाय, मासे खायला योग्य. आम्ही चांगला भाग विकतो. घरी डोकी नि काळीज ठेवतो, त्याचा रस्सा करतो. ते तपासलंय का? सुनेला सहावा महिना आहे. ती दोन्ही वेळा तेच खाते.' पत्र त्यांनी एका जाडजूड पुस्तकात ठेवलं आणि ते पुस्तक पुन्हा उघडलं नाही.

तपासलं नव्हतं. प्रयोगशाळेत मासा आला की आधी डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, कातडी सोलायची आणि पाठीचं पांढरं मांस तेवढं वाटून, आम्लात विरघळवून यंत्राला द्यायचं. नियमच तसा होता. डोकी आणि काळजं टेबलाखालच्या बादलीत. आकडा मर्यादेच्या आत यायचा आणि तो खोटाही नसायचा. विकत घेणाऱ्याच्या ताटातला मासा खरंच बरा होता. पकडणाऱ्याच्या ताटातला बादलीत पडलेला होता.

पत्र आलं तेव्हा त्यांनी एकदाच, कुणाला न विचारता, बादलीतला माल तपासला. डोक्यांत शिसं मर्यादेच्या सहापट, काळजात कॅडमियम अकरापट. कागद घेऊन ते मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "माझं डोकं तुम्ही रोज खाता, तेही पाठवू का तपासायला?" खोलीतले सगळे हसले. आणि नऊ वर्षं जे मनात सलत होतं ते हे, की तपासनीसबुवा स्वतःही हसले. कागद खिशात परत गेला.

निवृत्तीला सहा वर्षं झाल्यावर एका सकाळी, वाचनालयाकडे जाताना, खाडीच्या कठड्यापाशी त्यांना रंगारी दिसला. तोच बोर्ड, खाली त्यांच्याच अहवालाचा क्रमांक. नवी तपासणी झाली का, त्यांनी विचारलं.

"मजकूर जुनाच आजोबा, रंग नवा," असं म्हणून रंगारी 'योग्य' ठळक करू लागला.

तपासनीसबुवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मात त्यांनी साध्या दुकानदारालाही चढ्या आवाजात काही सुनावलं नव्हतं. वाचनालयाचा रस्ता सोडून ते माघारी वळले. घरी आले, पुस्तक उघडलं, पत्रावरचा पत्ता वाचला. बायको म्हणाली, "अहो, नऊ वर्षांनी कुठं तोंड दाखवायला निघालात?" पत्र खिशात घालून ते निघाले.

मासेवाली पत्र्याच्या घराच्या पायरीवर मासे कापत होती. धड टोपलीत, डोकी पातेल्यात. दाराशी आठ-नऊ वर्षांची नात बसली होती. ती फार उशिरा बोलायला लागली, आज शिकवलेलं उद्या पुसून जातं, हे आजीनंच सांगितलं, नुसती ओळख करून द्यावी तसं. तपासनीसबुवांनी आपण कोण ते सांगितलं, आकडे सांगितले, आणि सवयीनं जोडलं की मुलीचं यामुळेच झालं, असं निश्चित म्हणता येत नाही.

तिनं सुरी खाली ठेवली. "नसेल म्हणता येत. पण डोकी खाऊ नका, एवढं तर म्हणता येत होतं?"

येत होतं. पोस्टकार्डावर मावलं असतं.

ते माफी मागू लागले, तर तिनं हातानंच थांबवलं. सून पुन्हा पोटुशी होती. मासेवालीच्या मनात शंका होतीच, पण बोर्ड दाखवून मुलगा तिलाच वेड्यात काढत होता. वस्तीतल्या चाळीस घरांत हेच पातेलं चढत होतं.

"तोंडचं कुणी ऐकत नाही, साहेब. कागद द्या. आकडे घालून, सही करून, पोस्टानं, शिक्क्यासकट. तो मी बोर्डावर डकवते. आणि डोक्यांऐवजी काय शिजवू, तेही लिहा."

तिनं पातेलं उचललं आणि उकिरड्यावर पालथं केलं.

पहिल्या तीन मसुद्यांत 'कदाचित' होतं, 'असण्याची शक्यता' होती. तपासनीसबुवांनी ते टराटरा फाडले. चौथ्यात लिहिलं: डोकी आणि काळीज कुणीही खाऊ नये. मांसाचा आकडाही आता जुना झालाय; नवी तपासणी होईपर्यंत सुनेला या खाडीतलं काहीच देऊ नका. नातीच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या, मी दवाखान्यात सोबत येतो. काय शिजवायचं, ते मला ठाऊक नाही. ते विचारायला माझ्या जुन्या कचेरीत तुमच्याबरोबर मीही उभा राहीन. हे आकडे मी काढले आणि मीच दडवले. खाली सही, जुना हुद्दा.

बायकोनं वाचून कागद परत दिला. "साहेब पुन्हा हसतील."

"हसू देत. या खेपेला मी नाही हसणार."

पोस्टात खिडकीमागच्या कारकुनानं पाकिटावर शिक्का मारला, तो पुसट उमटला. तपासनीसबुवांनी त्याचा हात थांबवला. "तारीख वाचता आली पाहिजे," ते म्हणाले, आणि आवाज इतका चढला की रांगेतली माणसं वळून बघू लागली. कारकुनानं मुकाट्यानं पुन्हा शिक्का मारला.