वरच्या आळीचं पाणी

ओतिलियानं फावडं बाजूला टाकलं आणि पुन्हा कुदळ उचलली. खड्डा कमरेइतका खोल झाला होता. तळाशी पिवळी माती, दगडगोटे आणि अक्रोडाच्या झाडाची मुळं, एवढंच. नकाशाप्रमाणे निळा पाइप आता तिच्या पायाखाली असायला हवा होता.

"लागलं का गं काही?" रस्त्यावरून साफ्ता मावशीनं विचारलं. तिच्या घोडागाडीत पाण्यानं भरलेली दोन पिंपं होती. वरच्या आळीतली सगळी घरं खालच्या झऱ्यावरून असंच पाणी नेत.

"अजून नाही, मावशी."

"सरपंचांच्या फलकावर तर नुसतं बदाबदा वाहतंय!" मावशी म्हणाली आणि घोड्याला चुचकारत चढाला लागली.

तो फलक चर्चच्या वळणावर होता. हातात पाण्याचा पेला घेतलेला सरपंच सिल्व्हियू बुझदुगान आणि खाली ठळक अक्षरं : 'शब्द दिला, पाणी आणलं.' निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती.

नळयोजना चार किलोमीटरची, युरोपच्या निधीतली. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर समितीतल्या चौघांनी सह्या केल्या होत्या. पाचवी सही जिल्ह्याच्या इंजिनिअरची, म्हणजे ओतिलियाची, तेवढी बाकी होती; कागद अजून सरपंचाकडेच होता. ती याच गावची, म्हणून सरपंचाला काळजी नव्हती. वरच्या आळीतल्या प्रत्येक अंगणात चकचकीत नळ बसवलेला होता. पाणी का येत नाही म्हणून विचारलं, की पंप यायचाय असं उत्तर मिळे. ओतिलियानं "आधी खणून बघू" म्हटलं, तेव्हा खोदाई यंत्रवाल्यानं फोन बंद केला. मजूरही फिरकले नाहीत. मग ती वडिलांच्या परसातली कुदळ घेऊन एकटीच आली.

आदल्या दिवशी जेवताना वडिलांनी, तोआदेरनं, विषय काढला होता.

"तुझ्या आईला झटका आला, तेव्हा एवढ्या बर्फात याश शहराच्या इस्पितळात कोणी नेलं तिला?"

"सिल्व्हियूनं. विसरले नाही मी, बाबा."

"अकरा महिने जास्त मिळाली ती आपल्याला, त्याच्या गाडीमुळे."

ताटलीतली मक्याच्या पिठाची मामालिगा ती नुसती चिवडत राहिली होती.

आता तीच गाडी खड्ड्याजवळ येऊन थांबली. सरपंच उतरला. दुसऱ्या दारानं तोआदेर उतरला, आणि ओतिलियानं कुदळ मातीत टेकवली.

"काय इंजिनिअर बाई, बटाटे लावताय का?" सरपंच हसत म्हणाला. "काका, तुम्हीच समजवा हिला. माझं कुठं ऐकतेय!"

तोआदेर खड्ड्याच्या काठाशी आला. त्यानं वाकून आत पाहिलं, मग वर डोंगराकडे, मग खाली वळणाकडे.

"चुकीच्या जागी खणतेयस," तो म्हणाला.

"बघ!" सरपंचानं टाळी वाजवली.

"इथं उन्हाळ्यापर्यंत खणलंस तरी काही लागायचं नाही. पाइप इथवर आलाच नाही. खाली तो दगडी क्रूस आहे ना, तिथं संपतो. तोंडाला लाकडाची खुंटी ठोकलीय."

"काका, तुमच्या लक्षात नाही नीट," सरपंच हळूच म्हणाला.

"चाळीस वर्षं रेल्वेत सांधे बदललेत मी. कुठली लाइन कुठं संपते ते चांगलं कळतं मला. ठेकेदाराच्या सामानाची राखण मीच करत होतो. पुढं नुसता चर उकरला, बुजवला आणि वर गवताचं बी फेकलं."

"मग त्या कागदावर गावातर्फे साक्षीदार म्हणून कोणाची सही आहे, तेही सांगा की लेकीला."

तोआदेरनं डोक्यावरची टोपी काढली.

"माझी आहे," तो मुलीकडे बघत म्हणाला. मग सरपंचाकडे वळला. "तू म्हणालास, मी केली. तू गाडी काढलीस ते मरेपर्यंत विसरणार नाही, सिल्व्हियू. पण ते उपकार माझ्यावर होते. मी ते वरच्या आळीच्या पाण्यानं फेडायला नको होते."

सरपंचानं खांदे उडवले, गाडीचं दार आपटलं आणि निघून गेला.

बापलेक क्रूसापाशी गेले. त्यांनी आळीपाळीनं खणलं. हातभर माती निघाली आणि फावडं पाइपवर वाजलं. तोंडाला खुंटी होती. ओतिलियानं फोटो काढले, अंतर मोजलं आणि तिथंच दगडावर बसून अहवाल लिहायला घेतला. खोटी साक्ष देणाऱ्यांच्या नावांपाशी तिचं पेन थांबलं.

"बाबा, हे गेलं की सरकारी वकील तुम्हालाही बोलावतील."

"बोलावू देत. जिल्ह्याची बस किती वाजता असते?"

"बाबा..."

"लिही. आणि नीट लिही. या गावात तीन तोआदेर आहेत, उगाच दुसऱ्या कुणाला ताप नको."

पुढच्या मंगळवारी दोघं बसनं जिल्ह्याला गेले. निवडणुकीचं काय होईल ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. तोआदेरनं लग्नकार्याला घालायचा काळा कोट घातला होता. भ्रष्टाचारविरोधी कार्यालयातल्या कारकुनानं कागद चाळले आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"तक्रार करणाऱ्या बाईंचं आडनाव हुत्सानू. सही करणाऱ्यांतही एक हुत्सानू. तुमचं काही नातं आहे?"

ओतिलियानं तोंड उघडलं, पण तोआदेर आधीच खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

"ही माझी मुलगी," त्यानं बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

कारकून नात्याच्या रकान्यात 'मुलगी' हा शब्द लिहू लागला. तोआदेर टेबलावर वाकून तो बरोबर उतरतोय ना, ते बघत राहिला.