चांदीच्या चार तारा

रेकॉर्डच्या दुकानामागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पंचवीस माणसं डोळे मिटून बसलेली आणि फिरत्या तबकडीपाशी उभा नादबाबा.

"तांब्याच्या तारेत गायक नुसता गातो. चांदीच्या तारेत तो श्वास घेतो! ऐका!"

"घेतोय, घेतोय!" कुणीतरी हुंदका दिला.

मागच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या कंपाउंडरांना काहीच वाटलं नाही. बायको जाऊन सात महिने झाले होते. तेव्हापासून घासाला चव नव्हती आणि डोळ्यांना पाणीही नव्हतं. तिनं तरुणपणी गायलेली एकच रेकॉर्ड घरात होती, तीही हल्ली खरखरायची. नादबाबा म्हणाला होता, "वहिनींच्या अंगावरची चांदी आणा. ती वितळवून प्लेअरच्या सुईमागच्या चार तारा ओढतो. त्यांच्याच चांदीतून त्या बोलतील." म्हणून खिशात तिची साखळी होती. शेजारी पुतणी बसली होती. ती इस्पितळात लोकांचे कान तपासायची; आवाज मोजायचं छोटं मीटर तिच्या मांडीवर होतं.

"आधी नमुना दाखवतो," म्हणत बाबानं कंपाउंडरांची रेकॉर्ड त्यांच्याच घरून आणलेल्या प्लेअरवर लावली. जुन्या तांब्याच्या तारांवर गाणं खरखरलं. मग सगळ्यांना डोळे मिटायला लावून त्यानं तारा बदलून स्वतःजवळच्या चांदीच्या बसवल्या. आवाज स्वच्छ आला, अगदी कानाशी. कंपाउंडरांना सात महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं. त्यांचा हात खिशाकडे गेला.

"काका, थांबा." पुतणीनं डोळे मिटलेच नव्हते. "बाबा, पुन्हा करा. फक्त या वेळी आवाजाच्या बटणाला हात लावू नका."

"मी कुठे लावला?"

"डाव्या अंगठ्यानं. माझ्या मीटरवर आधी एकाहत्तर डेसिबल होते, आता चौऱ्याहत्तर आहेत. आणि तारा बदलताना तुम्ही त्या जोडायच्या पिना पुसून घेतल्यात. खरखर त्या मळाची होती."

"पोरी, हे ऐकायला श्रद्धा लागते!"

"मला चिमटा पुरेल."

श्रवणयंत्रांच्या बारीक तारांना सरावलेल्या हातांनी तिनं त्याच पुसलेल्या पिनांना चिमट्यानं जुन्या तांब्याच्या तारा जोडल्या आणि मीटर बघून आवाज चौऱ्याहत्तरवर आणला. गाणं तितकंच स्वच्छ आलं, तितकंच जवळ.

"अहो, वहिनी तर तांब्यातूनही श्वास घेतायत!" पुढच्या रांगेतला शिंपी म्हणाला. कुणी हसलं, कुणी चपला शोधू लागलं. बाबाला एकाएकी दुसरीकडे काम निघालं.

रस्त्यात कंपाउंडरांनी विचारलं, "मला क्षणभर काहीतरी वाटलं होतं. तेही खोटंच का?"

"नाही काका. ते काकूच्या गाण्यानं वाटलं. तारेचा त्यात काही संबंध नाही."

त्यांनी मान हलवली. रडू तेव्हाही आलं नाही.

पुढच्या रविवारी बाबाची बैठक पुन्हा भरली, तेव्हा ते दुकानाच्या दारात उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला, औषध कसं घ्यायचं हे सांगावं तशा कोरड्या आवाजात, तेच सांगत राहिले, "थोडा वाढवलेला आवाज कानाला अधिक गोड लागतो. कान सगळ्यांचेच फसतात, माझेही फसले. आत तार बदलली की एवढंच विचारा, तारेबरोबर आणखी काय बदललं? उत्तर मिळेपर्यंत काही देऊ नका."