नवरी हसताना दिसते

आपलं लग्न झालेलंच नाही, हे भाविकाला लग्नानंतर सात महिन्यांनी एका ईमेलने कळलं.

तिचा नवरा अल्पेश ज्या थंड देशात एसी-फ्रिजच्या कामाला होता, तिथल्या व्हिसा अधिकाऱ्याचा तो ईमेल. भाषा अत्यंत सभ्य. अर्जदाराच्या देशात, त्यात म्हटलं होतं, हिंदू विवाह पुरुष पुरोहित अग्नीसमोर लावतो. सादर केलेल्या छायाचित्रांत पुरोहित आढळत नाही. एक वृद्ध महिला गाताना आढळते. वर घोड्यावर नाही. अशा प्रसंगी वधू सहसा अश्रू ढाळते; येथे नवरी हसताना दिसते. सबब सदर विवाह खरा असल्याबद्दल खात्री पटत नाही. खाली आधार दिला होता : देशविषयक माहितीपुस्तिका, पान ४१.

भाविकाने सत्तावीस वर्षं याच देशात काढली होती, पण पान ४१ पर्यंत ती कधी पोचली नव्हती.

तिचं सासर म्हणजे अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं, तिन्ही बाजूंनी टॉवर उगवलेलं आगरी गाव. या गावात लग्न लावते ती धवलारीण. मांडवात बसून ती धवले गाते, आणि गाण्यागाण्याने एकेक विधी पार पाडते. गावची धवलारीण कमळाबाई, भाविकाच्या सासऱ्यांची चुलती. त्या दिवशी भर धवल्यात तिने नवरदेवाला गाऊनच सुनावलं होतं, की बाबा, मघापासून पोट आत ओढून बसलायस, आता सोड, पोरगी पळून जात नाही. भाविका फस्सकन हसली आणि फोटोवाल्याने नेमकं तेच टिपलं.

ईमेलची प्रिंट घेऊन सासरे हरिचंद्र तिला उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये जितेशकडे घेऊन गेले. जितेश व्हिसाची कामं करायचा. त्याने कागद वाचला, चहा सांगितला.

"अंकल, केस एकदम क्लीन आहे. फक्त शादी परत करायची."

"कोनाशी?" हरिचंद्र दचकले.

"अरे, सेमच! अल्पेशभाईशी. हॉल माझा, पंडितजी माझे, घोडी पण आहे. फोटो काढायचे, जुनी तारीख टाकायची, अपील लावायचं."

"पण अल्पेश तिकडे आहे," भाविका म्हणाली.

"भाभी, सेहरा कशासाठी असतो? फुलांच्या आत कोण आहे, ते त्यांच्या पुस्तकात विचारलेलंच नाही. सुजित म्हणून आपला मोबाइलवाला आहे, सेम हाइट."

म्हणजे खऱ्या नवऱ्याशी लागलेलं लग्न खोटं होतं आणि मोबाइलवाल्याशी लागणारं खरं ठरणार होतं. भाविकाने हे बोलून दाखवलं. जितेशला त्यात विनोद दिसला नाही.

"भाभी, त्यांना जो इंडिया मालूम आहे तो द्यायचा. आपला कशाला द्यायचा? कन्फ्यूज होतात बिचारे."

रात्री फोनवर अल्पेश चिडलाच. "सेहऱ्यात कोण आहे ते सोड. इथे उणे बारामध्ये एकटा कोण आहे ते बघ. कर ना यार, एक दिवसाचं तर काम आहे." मग हळूच, "मला पण आवडत नाहीये. पण सात महिने झाले गं."

सात महिने तिलाही झाले होते. ती हो म्हणाली.

कमळाबाईला सांगायचं काम हरिचंद्रांवर आलं. म्हातारी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. भाविका मागे उभी राहिली.

"काकी, या टायमाला तू नको. म्हंजे फोटूत नको. त्यांच्या पुस्तकात बाई नाय."

"नको त नको," कमळाबाईने शेंग मोडली. "पन मना येक सांग हरिचंद्र. तुजा लगीन कोनी लावला?"

"तूच की."

"मंग इठाला आजच म्हायेरी धाड. तिचा नवरा कोन, ते पुस्तक बघून ठरवू."

आतून भाविकाच्या सासूच्या, विठाबाईंच्या हातातलं भांडं जरा जास्तच जोरात आपटलं. पण जितेशला दिलेला शब्द हरिचंद्रांनी मागे घेतला नाही.

हॉलवर सगळं पान ४१ बरहुकूम होतं. बाहेर घोडी कंटाळून उभी. आत होमकुंड, पंडितजी, आणि मुंडावळ्यांऐवजी सेहरा लावलेला सुजित, जो फुलांच्या आतून गिऱ्हाइकाशी स्क्रीनगार्डचा भाव करत होता. भाविकाला भाड्याचा लेहंगा नेसवला होता, त्याच्या कमरेला चार सेफ्टी पिना.

"मॅडम, आता रडा," फोटोग्राफर म्हणाला. "येत नसेल तर ग्लिसरीन आहे."

"तुम्ही असे अल्बम खूप करता?"

"या वर्षी चौदा झाले. सगळे पास!" तो लेन्स पुसत अभिमानाने म्हणाला. "आता तिकडच्या लोकांना सवयच झालीय. दुसरं काही दिसलं की त्यांना डाऊट येतो."

भाविका ग्लिसरीनच्या बाटलीकडे बघत राहिली. चौदा झाले, हा पंधरावा. उद्या शेजारच्या गावची एखादी पोरगी खरोखरच्या लग्नाची हसरी छबी घेऊन त्या साहेबापुढे जाईल, तेव्हा साहेब तिला भाविकाच्या फोटोवरून खोटं ठरवेल.

ती उठली. एक पिन सुटली.

"काय झालं?" जितेश धावला. "भाभी, पाच मिनिटांचं काम राहिलंय!"

"माझं लग्न झालेलं आहे," भाविका म्हणाली. "दुसरं करणं गुन्हा आहे आपल्या देशात. हे पुस्तकात असेल ना?"

"मी जाऊ का मग?" सेहऱ्यातून सुजितने विचारलं. "दुकान उघडं आहे."

अपील तिने स्वतः लिहिलं. तुमची पुस्तिका चुकीची आहे, हे पहिलंच वाक्य. सोबत कमळाबाईने लावलेल्या लग्नांतल्या एकसष्ट जोडप्यांच्या सह्या जोडल्या. खाली प्रामाणिकपणे नोंदवलं की यांपैकी दोन जोडपी विभक्त आहेत, पण त्यात धवल्याचा दोष नाही. अल्पेश चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने मांडवातला स्वतःचा पोट सुटलेला फोटो पाठवला : हा पण लाव.

महिन्याभराने व्हिडिओवर मुलाखत ठेवली. साक्षीदार म्हणून कमळाबाई हिरवं लुगडं नेसून भाविकाच्या शेजारी बसली. कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने हरिचंद्र दाराशी. पडद्यावरचा साहेब तरुण होता, हसतमुख. त्याने तारीख विचारली, मांडवाची दिशा विचारली, मग चष्मा सारखा केला.

"या बाईंना लग्न लावण्याचा अधिकार कोणी दिला?"

भाविकाने म्हातारीला ते मराठीत सांगितलं. म्हातारी पडद्याकडे झुकली.

"त्याला इचार, आमचा लगीन खरा का खोटा, ह्यो ठरवाचा अधिकार त्याला कोनी दिला?"

दारात हरिचंद्र दोन्ही हात हलवत नुसत्या ओठांनी भाविकाला सांगत होते. नको, नको. सांग, अधिकार काकीच्या सासूकडून आला म्हणून. ते खोटंही नव्हतं. कमळाबाई सासूच्या मांडीशी बसूनच शिकली होती. साहेबाचं तेवढ्याने समाधान झालं असतं.

भाविकाने कमळाबाईचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द न गाळता, मऊ न करता.

साहेबाचं हसू तिथेच अडकलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मी यांची नोंद लोकगायिका अशी करू का? त्याने अर्जाला मदत होईल."

"नाही. लग्न लावणारी. तेच लिहा."

"त्यामुळे अर्ज नाकारला जाऊ शकतो."

"नाकारा. पण कारण खरं लिहा, की तुम्हाला माहीत नव्हतं."

पलीकडे बटणांचा आवाज येऊ लागला, सावकाश, थांबत थांबत.

"काय करतंय?" कमळाबाईने विचारलं.

"लिहितोय, आजी."

"लिवूं दे," म्हातारी पाय दुमडून नीट बसली. "झाला का वाचून दाखवाला सांग. त्याबिगर उठाचा नाय."