इम्तियाज सभेत बोलला

धायरीत इम्तियाजचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. समोरच्या रस्त्याचं डांबरीकरण झालं आणि मधलं ड्रेनेजचं चेंबर वीतभर खाली राहिलं. तेव्हापासून दुचाकी आपटल्याचा आवाज आला की इम्तियाज हातातलं काम टाकून पळायचा. पडलेल्याला उठवायचा, पाणी पाजायचा. मोबाइलवरून त्याने पालिकेकडे तक्रारीही केल्या. दर वेळी 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा मेसेज यायचा. चेंबर तसंच.

"अहो, शुक्रवारी पालिकेच्या अधिकाऱ्यांसोबत नागरिकांची बैठक आहे," त्याची बायको रझिया म्हणाली. "समोर जाऊन सांगा ना."

लहानपणापासून इम्तियाज अडखळत बोलायचा. गिऱ्हाइकांशी कसंबसं भागायचं. पण माइकवर, इतक्या लोकांसमोर? मग त्याच आठवड्यात एक बाई लेकरासकट पडली. त्या पोराचा फुटलेला ओठ पुसता पुसता त्याने ठरवलं, जायचं.

बैठकीला सभागृह भरलं होतं. त्याचं नाव पुकारलं गेलं. "सा... साहेब, आमच्या दु... दु..." पुढचा शब्द घशातच अडकला.

"चला, आज जेवणं इथेच," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "असं करा, आपण लिहून द्या. पुढचे कोण?"

इम्तियाज माइक ठेवणार, तोच मथुराबाई उठल्या. धायरीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. नातवाच्या गाडीवरून त्याच चेंबरपाशी पडल्या होत्या, तेव्हा इम्तियाजनेच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं.

"लिवून कशाला? तो बोलाया आलाय, बोलू द्या की." मग मागे वळून म्हणाल्या, "घाई कुणाला हाय रं?"

कोणालाच नव्हती. अधिकारी जरा ओशाळले. "बोला, ऐकतोय आम्ही."

इम्तियाज बोलला. शब्दाशब्दांत खंड पडत होता, पण कोणी मधे तोंड घातलं नाही. "मी लो... लोकांना उचलतो, साहेब. ए... एखाद्या दिवशी उचलून उ... उपयोग नसेल."

अधिकाऱ्यांनी त्याचा फोन नंबर घेतला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः येऊन चेंबर बघून गेले. काम व्हायला पंधरवडा गेला, मधे दोनदा आठवण करून द्यावी लागली, पण झालं. आता गाड्या सरळ निघून जातात आणि इम्तियाजला सवयीने अजून दचकायला होतं.

रझियाने खीर केली आणि दोघं मथुराबाईंकडे गेले.

"आजी, तु... तुमच्यामुळे..." त्याचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच इतकी माणसं त्याचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत थांबली होती.

मथुराबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बरं बोललास तू. आता पुढच्या बैठकीत आमच्या आळीच्या पाण्याचं बी तूच बोल."

"बो... बोलतो की," इम्तियाज म्हणाला.