खटका बंद केला का?

मी एक पिस्तूल. दचकू नका. माझ्या नळीत पोलादी खुंटी ठोकून तिचं तोंड कायमचं बंद केलंय आणि तसा दाखला चौकटीत घालून शेजारी टांगलाय. स्वतःच्या मृत्यूचा दाखला असा मिरवायचं भाग्य सगळ्यांना लाभत नाही.

माझा जन्म सत्तर वर्षांपूर्वीचा, सोविएत देशातला. एका तरुण इंजिनिअरला काम मिळालं, की रणगाड्यात बसणाऱ्यांना आणि तोफा चालवणाऱ्यांना असं काहीतरी द्या, जे कमरेला मावेल पण मशीनगनसारखं बरसेल. झालं! माझ्या पोटात वीस गोळ्या बसवल्या. खटक्याला तीन जागा दिल्या: पहिली बंद, दुसरी एकेक गोळीची, तिसरी धडाधड सगळ्या झाडायची. माझी घाई आवरावी म्हणून मुठीत स्प्रिंगचा एक दांडाही घातला, तरी दोन सेकंदांत माझं पोट रिकामं व्हायचंच. कमरेला लटकवायचं माझं लाकडी घर मुठीला मागून जोडलं, की खांद्याला टेकवायचा दस्ता तयार. एकाच अंगात इतकी सोंगं! ना धड पिस्तूल, ना धड बंदूक, अशी माझी गत झाली.

अधिकारी कुरकुरू लागले. म्हणे मांडीवर आपटतं, गाडीत बसताना आडवं येतं. एवढंच ओझं वागवायचं तर जेवणाचा डबा काय वाईट? थोड्याच वर्षांत मला तेल चोपडून, कागदात गुंडाळून गोदामात ठेवलं. तिथे मी झोपून राहिलो. पुढे तो देशच मोडला, आणि व्यापाऱ्यांच्या हातून फिरत, नळीत खुंटी ठोकून घेत मी दुबईशेजारच्या अजमानला पोचलो.

इथे फहद नावाच्या हौशी गृहस्थाने घराशेजारी खासगी संग्रहालय थाटलंय. माणूस दिलदार, येईल त्याला कॉफी पाजतो. पण मला काचेत मांडताना त्याच्या माणसाने खटका तिसऱ्या जागेवर ठेवला. का, तर तिथली रशियन अक्षरं फोटोत झोकदार दिसतात! म्हणजे मी मेलेला, पण सज्ज. अशी अकरा वर्षं गेली. लोक यायचे, माझ्यासोबत सेल्फी काढायचे आणि मला भलत्याच नावाने हाक मारून जायचे.

गेल्या शनिवारी फहदच्या कंपनीत काम करणारी विभावरी दुबईतल्या ऊद मेथाहून आली. सोबत नऊ वर्षांची लेक ओवी आणि पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आलेले वडील, सदानंदराव. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला, नाक काचेला लावलं आणि तिथेच खिळून राहिला.

"विभा, खटका उघडा आहे."

"बाबा, म्युझियम पीस आहे तो. चला, कॉफी थंड होतेय."

"तो बंद झाल्याशिवाय मी हलणार नाही."

"प्लीज हं बाबा, माझे बॉस आहेत ते!" ती दातओठ खात कुजबुजली. मग फहदकडे वळून कसनुसं हसली. "सॉरी सर. घर पे भी गॅस का बटन चार-चार बार चेक करते हैं. मंगलवार को डॉक्टर की अपॉइंटमेंट ली है, मेमरी के लिए."

म्हाताऱ्यांना जे ऐकू जाऊ नये, तेच नेमकं ऐकू जातं. सदानंदरावांचा चेहरा पडला. पण पाय काही हलले नाहीत.

"आजोबा, इट्स डेड," ओवी म्हणाली. "इट हॅज अ सर्टिफिकेट!"

"मेलेल्याचेसुद्धा डोळे मिटतात, बाळा."

फहद आधी हसला. मग हसायचा थांबला आणि त्याने खिशातून किल्ली काढली. "यल्ला, चलो अंकल, आप ही बंद करो."

म्हाताऱ्याची मनगटं काटकुळी आणि मी चांगला किलोभराचा. खरं सांगतो, मलाच भीती वाटली. पण त्या बोटांना सगळं पाठ होतं. त्यांनी माझं मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढला, आत पाहिलं आणि मला ओवीसमोर धरलं.

"बघ. रिकामं?"

"एम्प्टी."

"असं नाही. नीट बघायचं आणि म्हणायचं, पाहिलं."

"पाहिलं," ओवी म्हणाली.

अंगठ्याने खटका पहिल्या जागेवर गेला. खट्! अकरा वर्षांनी माझं अंग सैल पडलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"छत्तीस साल आर्मी डिपो में हत्यार चेक किया," सदानंदराव फहदला सांगू लागले. "एक आदमी देखता है, दूसरा बोलता है, पाहिलं. दूसरा बोले नहीं, तो पहला घर नहीं जाता."

"और घर पे दूसरा कौन, अंकल?"

"कुंदा. मेरी मिसेस. गॅस मैं देखता था, वो बोलती थी." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "उसको जाके दो साल हो गए."

विभावरीने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. "मला वाटायचं, आई तुमची चेष्टा करतेय," ती हळूच म्हणाली.

"करायचीच की! पण बघून म्हणायची."

निघताना सगळे दारापर्यंत गेले आणि सदानंदराव परत फिरले. काचेतून मला न्याहाळलं. गेले, पुन्हा आले. तिसऱ्यांदा वळले, तेव्हा विभावरीने त्यांची बाही ओढली नाही. ती स्वतः माझ्यापाशी आली, वाकून माझा खटका नीट बघितला आणि मोठ्याने म्हणाली, "पाहिलं, बाबा."

ते चालू लागले. मग एकदाही मागे वळले नाहीत.

मी आता निवांत पडून असतो. माझ्यासाठी काही मागायचं उरलेलं नाही. पण तुमच्या घरात गॅसपाशी पुन्हा पुन्हा जाणारं कुणी असेल, तर त्यांना खुशाल हसा. फक्त हसता हसता उठा, शेजारी जाऊन उभे राहा, बटण स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि तेवढा एक शब्द म्हणा.