दोन वाजताची ओल

फिनलंडमधल्या आमच्या कागद गिरणीतलं यंत्र इतकं लांब की एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकावरून धड दिसत नाही. ओल्या टोकाला पेजेहून पातळ लगदा जाळीवर पडतो. तो पिळून, वाफेने तापलेल्या रुळांवरून फिरून कोरड्या टोकाला कागद होऊन गुंडाळला जातो. कोरड्या टोकाला मी, तेल्लेर्वो, गेली बावीस वर्षं. ओल्या टोकाला तौनो. कागद तुटला की दोन्ही टोकं एकमेकांच्या नावाने खडे फोडणार, हे ठरलेलंच.

पण त्या मार्चमध्ये कागद रोज दुपारी दोनच्या सुमारास तुटायला लागला. तुटलेली कड मी चाचपली. तळहाताएवढा डाग, ओला. रुळांवरून आलेल्या कागदाला ओल कुठली?

आणि दोन वाजले की तौनो जागेवर नसायचा.

जानेवारीत फोरमनची जागा त्याची हुकली होती. ती मिळाली ओस्मोला, माझ्या मावसभावाला. मी ओस्मोला गाठलं.

"तौनो मुद्दाम करतोय. तुझं नाव खराब करायला."

"पुरावा आहे का?"

"दोन वाजता कुठे उलथतो, विचार की त्याला!"

ओस्मोने विचारलं नाही. सरळ वर साहेबांना कळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दोनला मीच तौनोच्या मागे लोखंडी जिना चढले. रुळांच्या वरच्या पुलावर तो ओणवा होऊन खाली बघत होता. माझ्या जागेकडे.

"इथे काय करतोयस रे?"

तो दचकला, पण डोळे वटारून म्हणाला, "तुझ्यावर नजर ठेवतोय. तू वाफ वाढवतेस, कागद करपवून तोडतेस आणि नाव माझं होतं."

"करपवते? अरे, कागद ओला तुटतोय!"

"ओला?" तो उठून उभा राहिला. "हे मला कुणी सांगितलंच नाही."

तेवढ्यात त्याच्या खांद्याशेजारून एक थेंब गेला. मग दुसरा. आम्ही वर पाहिलं. छपरावरचं बर्फ दुपारच्या उन्हाने वितळून पत्र्याच्या सांध्यातून गळत होतं. खाली फाडकन आवाज झाला. कागद तुटला.

सांधा त्याच आठवड्यात बुजवला. पण तौनोला त्याआधीच साहेबांनी बोलावून झापलं होतं. मी साहेबांकडे जाऊन चूक कबूल केली, मग त्याला भेटले.

"आधी मला येऊन विचारलं असतंस तर?" तो म्हणाला.

"तू तरी कुठे विचारलंस?"

तो हसला नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने दुसरी पाळी मागून घेतली. आता पाळी बदलताना भेटलो की लगद्यात पाणी किती, हे तो मला आकड्यानिशी सांगतो. मी विचारलेलं नसतं तरी. आणि मीही जागेवर जाऊन तो आकडा पुन्हा तपासते.