रुग्णाच्या वतीने

क्लिपबोर्डला दोऱ्यानं बांधलेलं पेन — टोपण हरवलेलं, मागचं टोक कुणीतरी चावून ठेवलेलं — तिनं पुन्हा बोटांत धरलं. अभिप्रायाचा एकच फॉर्म उरला होता. सकाळपासूनचे अकरा तिनं भरले होते. रुग्ण काहीही म्हणोत, खूण 'जेवणाबद्दल असमाधानी' याच चौकटीत. बारा तक्रारी झाल्या की स्वयंपाकघराच्या मुख्य बाईंना घरी बसवणार, हे तिनं ऑफिसात स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

बसू दे घरी.

ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्यानं लिहायचं आणि खाली 'रुग्णाच्या वतीने' सही ठोकायची, ही इथली पद्धत. माझे बाबा इथंच दाखल होते, तेव्हा ती सही मुख्य बाईंची होती. बाबांचा उजवा हात लुळा, जीभ जड, आणि ताट नेमकं उजवीकडे... मी संध्याकाळी भेटीला यायचे तोवर ताटं उचललेली असत. चार दिवस ताट आलं तसं परत गेलं, हे नंतर शेजारच्या खाटेवरून कळलं; आणि चारही फॉर्मांवर लांब शेपटीची निळी खूण: पूर्ण समाधानी. बाबा गेल्यावर ते कागद हाती आले तेव्हा मी रडले नाही. मी इथं नोकरीसाठी अर्ज केला.

शेवटच्या खाटेवरच्या आजोबांचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते.

"सूप कसं होतं, आजोबा?"

"गरम होतं गं. स्वयंपाकघरातल्या त्या मोठ्या बाई स्वतः भरवून गेल्या. फुंकर घालून, चमच्या-चमच्यानं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फुंकर! बाबांच्या वेळी कुठं गेली होती ही फुंकर? आता नोकरीवर बेतल्यावर माया उतू चाललीय... की बाबा गेल्यापासूनच ती अशी... नाही. चांगलं व्हायची मुभा मी त्या बाईला दिलेली नाही. तिनं खूण केली. असमाधानी.

"काय लिहिलंस, पोरी? चष्मा नाही माझ्याकडे."

"तुम्ही सांगितलंत तेच."

"मग झालं," म्हणून त्यांनी निर्धास्तपणे डोळे मिटले — बाबांनीही असेच मिटले असतील, कुणी कागद घेऊन खाटेशी उभं असताना.

तिनं खुणेकडे पाहिलं. घाईत शेपटी लांब गेली होती, बाबांच्या फॉर्मांवरच्या खुणेसारखीच. बाईला मी सोडणार नाही, आताही नाही... पण मघापर्यंत हा राग कुणावर काढायचा ते पक्कं ठाऊक होतं. तिनं पेन 'रुग्णाच्या वतीने'च्या रेघेवर टेकवलं, आणि सही कुणाची करायची तेच तिला सुचेना.